सदूमामांचं घुंगरू

धरणाच्या काठावर मी गळाची काठी नव्या स्टँडवर ठेवली होती. मासा लागला की वाजणारा अलार्मही होता, पण तो वाऱ्यानेही वाजे आणि मी दर वेळी धावे. शेजारी सदूमामांची काठी बाभळीच्या बेचक्यावर टेकलेली होती. दोरीला बांधलेलं घुंगरू सारखं किणकिणत होतं आणि मामा घोरत होते. एकदाच ते ताडकन उठले आणि त्यांनी रोहू बाहेर काढला.

“मासाच आहे हे कळतं कसं?”

“वारा वाजवतो तेव्हा झोप लागते. मासा वाजवतो तेव्हा मोडते.”

ढगांच्या गडगडाटात झोपलेली आई बाळ नुसतं कुरकुरलं तरी उठते, तसंच हे.

मी अलार्म काढून मामांकडचं दुसरं घुंगरू बांधलं. जाग आली तेव्हा गळावरचं गांडूळ माशाने केव्हाच खाल्लं होतं. अशी झोप मात्र कित्येक वर्षांत लागली नव्हती.