नाव लिहिल्याशिवाय उतरायचं नाही

आमच्या गावात कुणी डोंगरमाथ्यावर पोचला की तिथल्या लोखंडी पेटीतली वही काढतो आणि नाव, तारीख, हवा कशी होती ते लिहितो. न लिहिता परतला तर तो गेलाच नव्हता, असं आम्ही धरून चालतो. शेजारच्या बोर्गहिल्डबाईंची सगळी पंचाईत या वहीने केली.

बाई एकाहत्तर वर्षांच्या, चाळीस वर्षं गावाच्या टपालवाल्या. डिसेंबरात त्यांचा उजवा खुबा बदलला. ईस्टरला सारं गाव बर्फावरून घसरायच्या स्की पायांत घालून, पाठीवरच्या पिशवीत संत्री घेऊन डोंगरावर जातं आणि बाईंनी एकही ईस्टर चुकवला नव्हता. पण व्यायाम करून घेणारा सिंद्रे ‘हो’ म्हणेपर्यंत स्कीला हात लावायचा नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलेलं. सिंद्रे गावचाच. त्याच्या जन्माची शुभेच्छापत्रंसुद्धा बाईंनीच घरी पोचवली होती, त्यामुळे त्याचं ऐकणं त्यांना जरा जडच जाई.

मुलीने त्यांच्या स्की माळ्यावर कुलपात ठेवल्या. मार्चमध्ये एका गुरुवारी सकाळी बाई माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि माझ्या बायकोच्या स्की मागू लागल्या. तळाला नुसतं घसरणीचं मेण लावून बघायचंय म्हणे. मेण लावायला कुणी टोपी-हातमोजे चढवून येत नाही, हे मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं.

सोमवारी मी त्यांना गाडीतून सिंद्रेकडे नेलं. स्वारी नको इतकी गोड बोलत होती. पाय वर-खाली करून घेता घेता त्याने सहज विचारलं, वर वारा कसा होता? बाई म्हणाल्या, मला काय ठाऊक, मी घरी तू सांगितलेले व्यायाम करत होते. सिंद्रेने मोबाइल पुढे धरला. रविवारी तोही वर गेला होता. वहीच्या पानाचा फोटो होता: ‘गुरुवार. वारा बोचरा, बर्फ छान. खुबा बिनतक्रार. बोर्गहिल्ड.’

मी छताकडे बघू लागलो.

“चोरून जायचं होतं, तर नाव कशाला लिहिलंत?” सिंद्रेने विचारलं.

“वर जाऊन नाव न लिहिता येऊ? मी काय चोर आहे?”

सिंद्रे हसला नाही. तुमच्या कुंपणापासून वर जाताना स्कीच्या रेघा आहेत, म्हणाला, आणि परत येताना नुसते बुटांचे ठसे.

“उतार बघितला आणि भीती वाटली,” बाई म्हणाल्या. “आयुष्यात पहिल्यांदा. स्की खांद्यावर टाकून चालत आले. तू हो म्हणालास तरी आता मला खाली यायला जमणार नाही, सिंद्रे.”

मला फार वाईट वाटलं. स्की मीच दिल्या होत्या.

सिंद्रे म्हणाला, खुबा दोन आठवड्यांपूर्वीच तयार झालाय. तुमचा स्वभाव माहीत होता म्हणून बोललो नव्हतो. शनिवारी माझ्याबरोबर वर चला.

“ही परवानगी की शिक्षा?”

“ते उतारावर कळेल.”

शनिवारी दोघं गेले. संध्याकाळी विचारलं तर कुणीच काही सांगेना. सिंद्रे मात्र लंगडत होता. रविवारी सकाळी बाई पुन्हा एकट्याच वर गेल्या, आणि का गेल्या ते मला ईस्टरला माथ्यावर संत्रं सोलताना वही उघडल्यावर कळलं.

‘रविवार. काल स्कीवरूनच खाली आले. सिंद्रे पडला. मी नाही. बोर्गहिल्ड.’