‘खबर नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरबेन

डॉक्टरबेन ‘मला खबर नाही’ असं इतक्या सहज म्हणत, की पहिल्याच भेटीत वाटलं, आपण चुकीच्या माणसाकडे आलो. त्या घरी मराठीच बोलत, पण सगळा जन्म बडोद्यात गेलेला. गुजराती ‘खबर नथी’चं त्यांच्या मराठीत ‘खबर नाही’ झालं होतं; ‘माहीत नाही’ त्यांच्या तोंडी कधी आलंच नाही.

माझी सई तेव्हा चार वर्षांची. ओटीपोटात गाठ होती, मुलांना क्वचित होणारा स्नायूंचा कॅन्सर. मूत्राशयाला आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना ती अशी चिकटलेली, की सर्जननी ऑपरेशनला नकार दिला.

“मग आता काय?” मी विचारलं.

“औषधं आणि शेक, म्हणजे रेडिएशन.”

“बरी होईल?”

“खबर नाही. पण करण्यासारखं पुष्कळ आहे.”

बडोद्यातच अकोट्याला घरी पोचेपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होते. त्यांनी धीर दिला की काढून घेतला, कळेना.

केमोची बाटली लावण्याआधी त्या मला सोडून सईशी बोलत. “आज उलट्या होतील. पुढे केस जातील. रागवायचं तर माझ्यावर रागव, आईवर नको.” एकदा सईने त्यांच्या मनगटाला चावा घेतला. ते चोळत त्या म्हणाल्या, “सरस. ताकद आहे अजून.”

शेजारच्या खाटेवर बडोद्याजवळच्या करजण गावची हेतल होती. तोच आजार, तीच औषधं, तोच शेक. तिची गाठ तर आधी विरघळली. पण दिवाळीनंतर आजार उलटला आणि ती गेली. सईची गाठ मात्र स्कॅनमध्ये दिसतच राहिली. ती जिवंत आहे की नुसता वण, हे सांगता येत नाही म्हणत डॉक्टरबेननी ठरलेले डोस संपल्यावर औषध थांबवलं.

“मग हेतल का गेली?” मी विचारलं. त्या स्टुलावर बसल्या, पदराने चष्मा पुसत राहिल्या. मला त्यांचा राग आला. आणि माझी मुलगी समोर खेळतेय, याची लाजही वाटली.

तो वण वणच राहिला. सई कॉलेजात असताना डॉक्टरबेन गेल्या. तिला घेऊन मी समा भागातल्या त्यांच्या घरी गेले. सईला फोटोतला चेहरा आठवेना.

“आई, ह्यांनीच मला बरं केलं ना?”

मी हो म्हणणार, तोच सतरंजीवर बसलेली हेतलची आई दिसली. तिने मला ओळखलं.

“बेन दरवर्षी करजणला यायच्या,” ती गुजरातीत म्हणाली. “चहा घ्यायच्या. काही बोलायच्या नाहीत. बसायच्या फक्त.”

मग तिने सईकडे बराच वेळ पाहिलं आणि थोडी सरकून जागा केली. आम्ही दोघी तिच्याजवळ बसलो.