नमुने घ्यायला आलेली लेक

एकोणतीस वर्षांच्या मुलीचे हात आपल्या हातांपेक्षा म्हातारे दिसावेत, हे फुसाएच्या डोक्यातून काही केल्या जाईना. नवीन वर्षाला चिनात्सु घरी आली, तेव्हा सूपचा वाडगा तिच्या हातात देताना फुसाएनं नीट पाहिलं. पेरांवर चिरा, कातडी सुकलेल्या मुळ्यासारखी. दिवसातून चाळीस वेळा हात धुवायचे, अल्कोहोल चोळायचं, हातमोजे चढवायचे, काढायचे, पुन्हा धुवायचे. "मलम लाव गं," म्हटलं तर उत्तर तयार, "मलमानं चिमटा निसटतो, आई."

चिनात्सु शहरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत होती. डबे बनवणारे, टोफूवाले, मासळीवाले, सार्वजनिक स्नानगृहं, सगळीकडे जायचं. अन्नाचे तुकडे घ्यायचे, सुरीवरून आणि मोरीच्या कडेवरून ओला स्पंज फिरवून तो पिशवीत बंद करायचा, आणि त्यात माणसाला आडवं करतील असे जंतू आहेत का ते शोधायचं, हे तिचं काम. फुसाए स्वतः गृहविज्ञान शिकलेली, तिला जंतूंचं कौतुक नव्हतं आणि भीतीही नव्हती. पण पोरीनं त्यांच्याशी संसारच थाटला होता, त्याचं काय करायचं?

तशी ती लहानपणापासूनच तिरपागडी. शाळेत जेवण वाढायची पाळी आली की पांढरी टोपी घालून सगळ्यांची नखं तपासायची आणि काळी नखं दिसली की रांगेतून परत पाठवायची. एकदा तिनं वर्गशिक्षकांनाच परत पाठवलं. त्यांनी घरी चिठ्ठी धाडली, "मुलगी प्रामाणिक आहे. जरा जास्तच." दोन वर्षांपूर्वी सफरचंदाच्या बागा असलेल्या घरातलं चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं घरचं लोणचं पुढं केलं, तर ही विचारते, "यात मीठ किती टक्के?" बाई हसून म्हणाल्या, "आमचं सगळं अंदाजानं." त्यावर ही, "आणि ठेवता किती अंशांवर?" स्थळ बारगळलं.

आणि मार्चमध्ये हीच लेक फुसाएच्याच लोणच्याच्या शेडमध्ये नमुने घ्यायला येणार, असं ठरलं.

गावातल्या नऊ बायकांचा गट होता, फुसाए त्यातलीच एक. कोबी कापायचा, थोडं मीठ, समुद्रशेवाळाच्या पट्ट्या, मिरची, आणि दोन दिवसांत विकायचा. कमी मिठाचं, करकरीत, हिवाळी लोणचं. टेकडीवर नवा वृद्धाश्रम झाला होता. दर शुक्रवारी सेहेचाळीस जणांसाठी लोणचं घ्यायला ते तयार होते, फक्त प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता. जवळची प्रयोगशाळा एकच. तिथला दुसरा तपासनीस कंबर धरून पडलेला. म्हणून चिनात्सु. तिनं आधीच पत्र पाठवलं होतं, काम सुरू असतानाच नमुने घेतले जातील, कृपया खास सफाई करू नये.

गटाची प्रमुख इकुयो, वय त्र्याहत्तर. तिनं पत्र वाचून घडी घातली. "हे सगळे लिहितातच. बोलावणारे 'काही आणू नका' म्हणतात, म्हणून आपण रिकाम्या हातांनी जातो का?"

झालं. पहाटे चारला नऊच्या नऊ बायका शेडमध्ये. उकळतं पाणी, क्लोरीन, ब्रश. मोरी अशी घासली की तिच्यात तोंड दिसावं. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण कोबी कापायचं मशीन बावीस वर्षांचं. मागच्या झाकणाचा स्क्रू गंजून बसलेला, ते झाकण कित्येक वर्षं कुणी उघडलेलं नव्हतं. "हे भंगार दाखवायचं पोरीला?" असं म्हणत इकुयोनं भाच्याच्या खानावळीतून चकचकीत मशीन मागवलं आणि जुनं ताडपत्रीखाली ढकललं. फुसाएनं दुसऱ्या बाजूनं हात लावला. घरी कुणी येणार म्हटलं की फुटका कप मागे जातो आणि चांगला पुढे येतो. तसंच हे, असं तिला तेव्हा वाटलं.

चिनात्सु नऊला आली. दारातच थांबून तिनं नाकानं हवा ओढली.

"इकुयो मावशी, क्लोरीन?"

"रोजचंच गं पोरी. आम्ही स्वच्छच असतो."

"पत्र मिळालं नव्हतं का?"

"मिळालं की. किती छान अक्षर!"

"ते कॉम्प्युटरचं आहे." चिनात्सुनं कपाळाला हात लावला. "मावशी, मी पाहुणी म्हणून आलेली नाही. मी चोर पकडायला आले आहे. तुम्ही चोराला आधीच सांगून ठेवलंत. माझ्या पिशवीतलं औषध क्लोरीनचा जोर मोडतं, मेलेल्यांना उठवत नाही. आणि जे कुठेतरी फटीत जिवंत राहिलेत ते मला आज दिसणार नाहीत, परवा पुन्हा बाहेर येतील. यातला एक तर थंडीतच वाढतो. फ्रिज त्याचं माहेर आहे. धडधाकट माणसाला कदाचित नुसती पोटदुखी होईल. म्हाताऱ्या माणसाच्या रक्तात, मेंदूत जातो."

"बाई गं, हिच्याशी लग्न कोण करणार," इकुयो फुसाएच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. बायका हसल्या. फुसाएला लेकीचा राग आला, इकुयोचा आला, आणि ताडपत्रीकडे नजर जाऊ नये म्हणून ती उगाच छताकडे बघत राहिली.

चिनात्सुनं स्पंज फिरवले, मोरीवर, पिंपाच्या काठावर, मशीनच्या पात्यावर. मशीनपाशी ती जरा थांबली. "नवीन घेतलंत?"

"पुसलं की सगळंच नवं दिसतं," इकुयो म्हणाली.

नंतर चहा आला, लोणचं आलं. चिनात्सुनं चहा घेतला, लोणच्याला हात लावला नाही. "आमच्या हातचं चालत नाही वाटतं?" इकुयोनं टोमणा मारलाच. "कुणाच्याच हातचं चालत नाही, मावशी. आईला विचारा, तिचंही नाही." सगळ्या पुन्हा हसल्या. फुसाएला हसू आलं नाही.

अहवालाला आठवडा लागला. आधी त्या जंतूंना खाऊपिऊ घालून वाढवायचं, मग गर्दीतून वेगळं काढायचं, असं काहीसं चिनात्सु सांगायची. गुरुवारी सकाळी तिचा फोन आला.

"काहीच सापडलं नाही."

"मग बरंच झालं की!"

"कसलं बरं? मोरीतसुद्धा काही नाही. आई, कोबी चिखलातून येतो. एवढी शांत मोरी मी ऑपरेशनच्या खोलीतही पाहिली नाही. बाकी जाऊ दे. एकच सांग. कापायचं मशीन रोजचं तेच होतं ना?"

"तेच," फुसाए म्हणाली. विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं. नऊ जणी एकाच तोंडातून बोलल्यासारखं.

"ठीक आहे. तू म्हणतेस तर ठीक. तीन वाजता सही करते, म्हणजे आश्रमाला आजच अहवाल मिळेल. उद्यापासून त्यांच्या ताटात जाईल तुमचं लोणचं."

*तू म्हणतेस तर ठीक.* नखं न पाहता मुलीनं आज पहिल्यांदाच कुणाला रांगेत पुढं जाऊ दिलं होतं, आणि तेही आईला. फुसाएला घरात बसवेना. दोन वाजता ती शेडवर गेली. खानावळीचं मशीन कधीच परत गेलं होतं. जुनं मशीन घरघरत होतं आणि उद्याचा कोबी त्यातून पिंपात पडत होता.

तिनं बटण बंद केलं. एक चॉपस्टिक घेतली आणि झाकणामागच्या फटीत घालून फिरवली. बाहेर आली ती करड्या, बुळबुळीत थरानं माखून. वास असा की गटातल्या मासुमीनं लांबूनच नाक धरलं.

"हे काय नवीन?" इकुयो धावत आली.

"नवीन नाही. जुनंच आहे."

"बावीस वर्षं यातूनच कापतोय. कुणी मेलं का?"

"मेलं असतं तर आपल्याला कोण सांगायला येणार होतं, इकुयो-सान? आजवर आपण धडधाकट माणसांना विकलं. उद्या नव्वद वर्षांची माणसं खाणार आहेत."

"म्हणजे फोन करणार तू? नऊ जणींचं काम घालवणार? आणि लेकीला काय सांगशील, आई तोंडावर खोटं बोलली म्हणून?"

"हो, तेच सांगावं लागेल."

"ती आयुष्यभर ऐकवेल तुला!"

"ऐकवेलच. ती कुणाला सोडत नाही." फुसाएला एकदम सगळ्याचा वीट आला, या शेडचा, चकचकीत मोरीचा, बायकांच्या हसण्याचा, स्वतःच्या 'तेच' म्हणण्याचा. आणि लेक इतकी कटकटी का झाली, याचं उत्तरही तिला याच शेडमध्ये मिळाल्यासारखं वाटलं. अशा आयांनी भरलेल्या जगात तिला रोज काम करायचं होतं.

"तो कोबी पिंपातून काढा," ती मासुमीला म्हणाली. "आणि स्क्रू उघडायला कुणाला तरी बोलवा."

भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी होती. मागे इकुयोचं बोलणं सुरूच होतं. फुसाए दाराबाहेर आली, वितळणाऱ्या बर्फाच्या चिखलात उभी राहिली आणि तिनं चिनात्सुचा नंबर लावला.