भाभींना चढता येईल एवढी उंची

रहीमभाई मिस्त्रींची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या जीपचं पोट घासत होतं म्हणून. आमच्या गावाहून राजूरला जाणारी काळ्या मातीची वाट ट्रॅक्टरांनी अशी खोल केलेली, की चाकं चाकोरीत आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला. भोकरदनला त्यांच्या गॅरेजात गेलो नि म्हणालो, "चांगली वीतभर उंच करा. लोकांनी मान वर करून बघितलं पाहिजे."

"करू की. पर उद्या घरची माणसं घेऊन या. रिकाम्या गाडीचं माप म्हणजे उपाशीपोटी घेतलेलं सदऱ्याचं माप."

ही त्यांची रीतच होती. गाडीत कोण बसणार हे पाहिल्याशिवाय मिस्त्री गाडीखालच्या स्प्रिंगच्या पाट्यांना हात लावत नसत. दुसऱ्या दिवशी मी पत्नीला, सरूबाईला, घेऊन गेलो. मिस्त्रींनी चारही चाकांखाली लाकडी ठोकळे रचून माझ्या मनाजोगी उंची करून दाखवली आणि म्हणाले, "चढा भाभी."

सरूबाईनं गुडघा धरला. "भाऊ, मला गाडीत बसवून राह्यले का माळवदावर?"

मिस्त्री हसले. एकेक ठोकळा काढत गेले. ती आपसूक चढून बसली तिथं थांबले. "बस्स. गाडीचं पोट बी सुटलं अन् भाभी बी चढल्या. याच्यावर जाल तर वळणावर झोकांडी खाईल. उंटावर बसून शेळ्या हाकायच्यात का?"

तेवढ्याच उंचीचे पाटे त्यांनी निवडले. त्यांच्या जोडीला लांब शॉकॲब्सॉर्बर आणि ब्रेकचा लांब पाइप घातला. आठवडाभर गाडी चालवून बोलावलं आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळले. "नवा पाटा नव्या सुनेसारखा असतो, जरा रुळू द्यावा लागतो," असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर दर चतुर्थीला आमची राजूरच्या गणपतीची वारी कधी चुकली नाही.

पुढं सरूबाईला मोठं दुखणं लागलं. जालन्याच्या दवाखान्यात नेताना खड्ड्याखड्ड्याला ती डोळे मिटून घ्यायची. मिस्त्रींना हे कळलं तेव्हा ते स्वतः हत्यारं घेऊन आमच्या दारात आले आणि मागच्या पाट्यांतलं एकेक पोलादी पान काढून गाडी मऊ केली. "आता पोती भरू नका. फक्त भाभींना न्या." गाडी थोडी बसली, पण सरूबाई वाटेत डोळे उघडे ठेवून शेतं बघू लागली.

ती गेली, तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "भाऊ, पान परत घालू का?"

"राहू द्या," म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता मिस्त्री लेकीकडं पुण्याला असतात. गॅरेजचं शटर खाली आहे, पण भोकरदनला गेलो की माझा पाय तिथं आपोआप ब्रेकवर जातो. कधी त्यांचा फोन येतो, "फोन गाडीजवळ धरा अन् तिला जरा हलवा." पाटे कुरकुरतात. पलीकडं ते ऐकत राहतात, मग म्हणतात, "चांगले हायेत." मला वाटतं, माणसानं एवढ्या लांबून का ऐकावं?

मिस्त्री, तुमच्या पंच्याहत्तरीच्या सत्काराला भोकरदनला या. स्टँडवर मी जीप घेऊन उभा राहीन. राजूरला जाऊन येऊ. चढायची काळजी करू नका. भाभींसाठी ठरवलेली उंची आता आपल्या दोघांच्या गुडघ्यांनाही बेताची आहे. अल्ला आणि राजूरचा गणपती मिळून तुम्हाला शंभरी दाखवोत, हातपाय धड ठेवोत. पण आधी या. बाजूची सीट फार दिवसांची रिकामी आहे.