पुन्हा मार्गदर्शन मागू नये

गावच्या कचेरीत ती एकवीस वर्षं जावकच्या टेबलावर बसली, म्हणून लोक तिचं नाव विसरून गेले आणि तिला जावकबाई म्हणू लागले. आधी त्या टेबलावर नवरा होता. तो अचानक गेला तेव्हा त्याची जागा तिला मिळावी असा अर्ज वर गेला, खाली आला, एक कागद कमी म्हणून परत वर गेला. हुकूम हातात पडला तोवर रांगणारं पोरगं शाळेत जायला लागलं होतं.

काम सरळ होतं. कागदाला नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची, पाकिटाला डिंक फासायचा, ‘जावक’ असा शिक्का हाणायचा आणि दुपारच्या गाडीवर पिशवी चढवायची. सगळं वर जायचं. शाळेची फुटकी कौलं वर, पंपाचा वायसर वर. कचेरीच्या दाराची कडी मोडली तर तीसुद्धा वर. कडीचं उत्तर यायला दीड वर्ष लागलं, तोवर सरकारी दार सुतळीनं बांधलेलं होतं. सुतळी मात्र कुणी मंजुरीवाचून आणली म्हणून शिपायाला खुलासा द्यावा लागला.

तिचा एक नेम होता. कागद वाचायचा नाही. नवऱ्यानं सांगून ठेवलेलं, “जावकवाल्यानं पत्ता वाचावा, मजकूर वाचू नये. मजकूर वाचला की तोंड सुटतं.” तिनं तो शब्द असा पाळला की सख्ख्या दिरानं तिच्याविरुद्ध केलेली तक्रारसुद्धा तिनंच डिंक लावून वर पाठवली. तक्रार कशाची होती ते तिला चौकशीवाला दारात उभा राहिला तेव्हा कळलं.

तर अशी ही बाई, आणि तिची सून नऊ महिन्यांची गरोदर.

गावात दवाखाना होता, सिस्टर होती, बाळंतपणाची खोलीही होती. पण दोन वर्षांपूर्वी खोलीच्या छताचा गिलावा धपकन पलंगावर पडला. नशिबानं पलंग रिकामा होता. तेव्हापासून खोलीला कुलूप. दुरुस्तीचा कागद जावकबाईच्या हातूनच पाच वेळा वर गेला होता. दुसरा दवाखाना अडीच तासांवर, आणि रस्ता असा की धडधाकट माणसाची आतडी जागा बदलतील. मागच्या वर्षी कुंभाराच्या सुनेचं बाळ त्या वाटेवर जीपमध्ये जन्मलं आणि मुक्काम यायच्या आत गेलं. त्या बाळाची आजी, कुंभारीण, अजूनही कचेरीसमोरून जाताना तोंड फिरवून जायची. जावकबाईला ते तोंड रोज दिसायचं.

त्या सोमवारी सिस्टर सुनेला तपासायला घरी आली. हात धुता धुता म्हणाली, “बाई, अठरा-वीस दिवस फार तर. खोलीचं काय करताय?”

“मी काय करणार? पाच वेळा पाठवला कागद.”

“आता कशाला पाठवायचा? आमच्या मोठ्या दवाखान्यात सांगत होते, दुरुस्तीचा अधिकार गावालाच दिलाय. पैसेही आलेत म्हणे. तुमच्याकडे पत्र आलं नाही?”

“आलं असेल. मी वाचत नाही.”

“मग आता वाचा की!” सिस्टर म्हणाली आणि टॉवेल मागितला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कुणी यायच्या आत जावकबाईनं कपाट उघडलं. चपला बाहेर काढल्या होत्या, जणू देवघरातच चोरी करायची होती. स्थळप्रतींची फाईल काढली, म्हणजे वर गेलेल्या प्रत्येक पत्राची कचेरीत ठेवलेली प्रत. आठ दिवसांपूर्वीचं पत्र सापडलं, वरच्या मूळ कागदासकट. वरून आलेल्या कागदात स्वच्छ लिहिलं होतं: शाळा, दवाखाना, पाणी यांच्या दुरुस्तीचा निर्णय यापुढे गावच्या समितीनं घ्यावा, वरच्या मंजुरीची गरज नाही, हेच पत्र आदेश समजावं. आणि शेवटी एक ओळ: या बाबत पुन्हा मार्गदर्शन मागू नये.

त्याच्यामागे टाचलेलं होतं गावच्या कचेरीचं उत्तर. सचिव, ज्यांना सगळा गाव भाऊसाहेब म्हणायचा, त्यांनी लिहिलं होतं: ‘वरील पत्रानुसार काय कार्यवाही करावी, याबाबत मार्गदर्शन व्हावे ही विनंती.’ खाली तिचाच नंबर, तिचाच शिक्का.

बाई खुर्चीत बसली. घरात आलेली लक्ष्मी तिनं आपल्या हातानं डिंक लावून परत पाठवली होती.

भाऊसाहेब दहाला आले. माणूस वाईट नव्हता. नोकरीची चार वर्षं उरलेली आणि एकदा चौकशीत पोळलेला, त्यामुळे ताकही फुंकायचा आणि पाणीही.

“भाऊसाहेब, हे काय केलंत?”

“तुम्ही वाचलंत?” त्यांचा हात टोपीवरच राहिला. गावची विहीर आटली असती तरी ते इतके दचकले नसते.

“वाचलं. विचारू नका म्हणतात, तर तुम्ही विचारता, विचारू का नको?”

“अहो, अधिकार दिला म्हणतात. उद्या कशावरून काढून घेणार नाहीत? सही माझी राहील, आणि नोटीस माझ्या घरी येईल.”

“नोटिशीला उत्तर देता येतं. कुंभारणीला तुम्ही काय उत्तर दिलंत?”

भाऊसाहेब चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

बाई उठली ती थेट शिंपीदादाच्या दुकानात गेली. शिंपीदादा समितीचे अध्यक्ष. आजवर त्यांचं अध्यक्षपण म्हणजे वर्षातून दोनदा इस्त्रीचा सदरा घालून हार गळ्यात घेणं. त्यांनी मशीनचं पायडल थांबवलं, पत्र दोनदा वाचलं.

“वहिनी, म्हणजे आपण म्हणायचं आणि व्हायचं?”

“असंच लिहिलंय.”

“बापरे,” शिंपीदादा म्हणाले. “मग जपून बोलायला पाहिजे.”

तिसऱ्या दिवशी सभा भरली. एरवी कोरमसाठी माणसं धरून आणावी लागायची, आज दारात चपलांचा ढीग पडला. कुंभारीणही आली आणि मागं उभी राहिली. भाऊसाहेबांनी ठराव लिहिला, वाचला, सगळ्यांनी हात वर केले. मग सहीची वेळ आली आणि पेन काही कागदावर टेकेना.

“शाई संपली का?” कुणीतरी टोमणा मारला.

“थांबा रे,” जावकबाई त्याच्यावरच उखडली. “बत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्याला कुणी ठरवू दिलं नाही, त्याला अर्धं मिनिट तरी द्याल की नाही?”

भाऊसाहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. एरवीपेक्षा मोठी आली. सही झाल्यावर ते पाणी मागून दोन पेले प्याले.

कामाचा हुकूम गवंडीमामाच्या नावे निघाला. जावकबाईनं नंबर टाकला, शिक्का मारला आणि पत्त्याच्या रकान्यात अडली. एकवीस वर्षांत त्या रकान्यात गावातला पत्ता कधी गेलाच नव्हता. शेवटी तिनं लिहिलं, ‘समोर’. पाकीट घेतलं, रस्ता ओलांडला आणि अठ्ठावीस पावलांवर गवंडीमामाच्या हातात दिलं.

“हे कुठं पाठवायचं?” मामानं विचारलं.

“कुठं नाही. चढा छतावर.”

मामा चढले. पोकळ गिलावा ठोकून पाडला, गज घासले, टेकू दिले, नवा गिलावा केला. काम चालू असताना निम्मा गाव येऊन मान वर करून बघायचा. “मामा, ह्या कोपऱ्यात वाळू जास्त वाटते,” असं न्हावीसुद्धा सांगून जायचा. मामा वैतागले, “वरचा इंजिनियर बरा होता! दोन वर्षांतून एकदाच यायचा.” पण कोपरा त्यांनी पुन्हा केला.

खोली उघडली त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी सून आत गेली. जावकबाई बाहेरच्या बाकावर बसून होती. थोड्या वेळानं कुंभारीण आली, शेजारी बसली, आणि मुलगी रडल्याचा आवाज आला तेव्हा बाईचा हात कुंभारणीच्या हातात होता. कुणी कुणाचा धरला ते दोघींनाही आठवत नाही.

दोन महिन्यांनी वरून मार्गदर्शन आलं. एकाच ओळीचं: ‘संदर्भीय पत्र वाचावे.’ भाऊसाहेबांनी ते शिंपीदादांना दाखवलं आणि दोघं पोट धरून हसले.

जावकबाईनं मात्र ते मूळ पत्र पुन्हा काढलं. तळाशी कोपऱ्यात बारीक अक्षरात कारकुनाची आद्याक्षरं होती, पत्र ज्यानं लिहिलं त्याची. कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी पंख्याखाली बसून त्या माणसानं ती शेवटची ओळ जास्तीची लिहिली होती. कचेरीतल्या लोकांची खोड त्याला पुरती ठाऊक असणार. तिनं कोरा कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पत्र लिहिलं: ‘ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांस. छत पक्कं झालं. त्याखाली आजवर तीन बाळं झाली, त्यातली एक माझी नात. तुमचे उपकार आहेत.’

“भाऊसाहेब, याला जावक नंबर टाकू का? खासगी आहे.”

भाऊसाहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. या वेळी तो पुसायची खरंच गरज होती.

“तसा नियम काही नाही,” ते म्हणाले. “वर विचारून घेऊ?”

बाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी स्वतःच शिक्का उचलला आणि हाणला.