बाबारावला दिलेला सिग्नल

बाबाराव कापगते आणि मी भिलाईच्या रोलिंग मिलमध्ये एकाच पाळीला होतो. तो वर क्रेनमध्ये, मी खाली. मशिनींच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून मी हाताने सिग्नल द्यायचो. बंद मूठ म्हणजे थांब, उघडा पंजा म्हणजे चल. दुसऱ्या कोणी हात हलवला, अगदी साहेबाने, तरी तो ढुंकून बघायचा नाही.

त्या आवाजात त्याचे कान गेले. आता तो समोरच्याचे ओठ बघतो, आणि नाही समजलं तरी मान डोलावतो.

मागच्या वर्षी तो पिवळा पडला. पित्तनळीत कॅन्सरची गाठ निघाली. खाजेने त्याला झोप नव्हती. अंगावर रक्त निघेपर्यंत खाजवायचा, आणि शीलावहिनी त्याचे हात धरून बसायच्या.

डॉक्टर मृणाल म्हणाल्या, "बरगड्यांमधून सुई घालून नळी टाकू. अडलेलं पित्त बाहेर येईल. कॅन्सर याने जाणार नाही, पण खाज थांबेल, आणि कावीळ उतरली की औषधं सुरू करता येतील."

सुई पडद्यावर बघून घालतात हे कळल्यावर बाबाराव बिथरला. "पोट माह्यं, अन् पाहून राहिली ते टीव्हीकडे?"

मी त्याच्या समोर जाऊन म्हटलं, "तू तरी मालाकडे कुठं पाहत होता? माह्या हाताकडेच पाहे ना!"

"तू टीव्ही होय काय बे?" म्हणाला, पण तयार झाला.

त्याला आत नेलं. मी वहिनींजवळ बाहेर बसलो. थोड्या वेळाने नर्स आली. "बाबाजी को सांस रोकने बोलते हैं, वो बस सिर हिलाते हैं!"

आत सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते. श्वासाबरोबर लिव्हर हलत होतं, म्हणून डॉक्टरांनी सुई घातलीच नव्हती.

वहिनींनी मला पुढे ढकललं. "यायले न्या आत. यायचंच ऐकतात ते."

एक्स-रेपासून बचावासाठी मला शिशाचा जड एप्रन घातला. मी त्याच्या उशाशी उभा राहिलो. हात अर्धवटच वर केला.

"हात सरळ धर ना गा," तो खेकसला. "असा सिग्नल देत होता काय तू?"

डॉक्टर म्हणाल्या, "रोखा." मी मूठ बंद केली. बाबारावचा श्वास थांबला. पडद्यावर सुईची बारीक काळी रेघ सरकली. मी पंजा उघडला, त्याने श्वास सोडला. असं किती वेळा झालं, मला सांगता येणार नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता, मी त्याच्या छातीकडे. मग नळीतून गडद पित्त उतरलं आणि डॉक्टर हळूच म्हणाल्या, "आलं."

आठवड्याने मी रुआबांध्याला त्याच्या घरी गेलो. वहिनी दारातच होत्या.

"हळू बोला भाऊजी, झोपले आहेत. काल रातभर घोरून राहिले होते."

"मग तुमचीही झोप झाली असेल."

"नाही जी," त्या म्हणाल्या. "मी ऐकतच बसली."