ईशान्येच्या दोन भिंती

आडगावच्या बाजूला आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा नकाशा माझ्या साडूंनी ठरवला. ते वयाने मोठे, वास्तुशास्त्राची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारे. नैऋत्य जड हवी, ईशान्य मोकळी हवी, म्हणून जिना, कोठीची खोली, न्हाणीघर, सगळ्या जाड भिंती त्यांनी एका कोपऱ्यात कोंबल्या आणि समोरच्या कोपऱ्यात चार खांब आणि नुसत्या काचा. मी म्हणालो, उजेड छान येईल. माझं ज्ञान एवढंच. त्या काचेच्या खोलीत आईचा पलंग ठरला, कारण देवघर तिथेच होणार होतं. तिचे गुडघे गेलेत. वेळ आली तर पळणं सोडाच, उठायलाही तिला हात द्यावा लागतो.

मग माझी भाची आली. इमारती किती तग धरतील हे तपासणं तिचा धंदा. नकाशा पाहून म्हणाली, "मामा, हे घर आहे का दार?"

"म्हणजे?"

तिने उठून स्वयंपाकघराचं दार ढकललं. "बिजागरी एका कडेला, म्हणून हे फिरतं. तुमच्या भिंतीही एका कडेला. जमीन हलली की तो कोपरा घट्ट राहणार आणि बाकीचं घर त्याच्याभोवती पिळलं जाणार. सगळ्यात मोठा हिसका आजीच्या पलंगापाशी. त्या कोपऱ्यातही भिंती हव्यात."

"नाशकात कुठला आलाय भूकंप?" साडू म्हणाले.

"पेठ तालुक्यात विचारा ना, काका. कधीमधी फडताळातली भांडी वाजतात तिकडे."

"वाजू देत. ईशान्येला भिंत घातली की भरभराट थांबते."

"आणि आजीवर काही पडलं की?"

साडू चहा पिऊ लागले. मी दोघांकडे पाहून मान हलवली. नंतर तिचा फोन आला तेव्हा भिंत कबूल केली आणि त्यांचा आला तेव्हा काच. शेवटी ठेकेदार म्हणाला, "साहेब, घरातलं ठरलं की कळवा," आणि माणसं घेऊन दुसऱ्या साइटवर गेला. बायको माझ्याशी बोलेना. ते एका परीने बरं झालं, कारण पुढच्या वेळी सगळे जमले तेव्हा ती सरळ साडूंशी बोलली.

"भाऊजी, देवाच्या पाठीमागे काच ठेवायची का? रिक्षावाल्यांनी रस्त्यावरून देवाची पाठ बघायची?"

साडू विचारात पडले. "नाही, देवाच्या पाठीला भिंत हवीच," ते म्हणाले, जणू हे आम्हालाच समजत नव्हतं.

"एक नको, दोन," भाची लगेच म्हणाली. "काटकोनात. काँक्रीटच्या, पायापासून गच्चीपर्यंत."

"देव कोपऱ्यातच शोभतो," बायको म्हणाली. साडूंना डाव कळला होता, पण तोवर ते होकार देऊन बसले होते.

भिंती उभ्या राहिल्या, आई राहायला आली. आठवडाभरात तिने परस्पर गवंडी बोलावला. "इथे भिंत फोडून मोठी खिडकी बसव रे बाबा, मला रस्ता दिसत नाही."

मी गवंड्याला परत पाठवला आणि तिला समजावलं. दाराचं उदाहरण दिलं. दार ढकलूनही दाखवलं.

"मग दार काढून टाक," ती म्हणाली.

आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, मुलाने म्हातारपणी कोठडीत टाकलं. साडू शेजारी बसून मान डोलावतात. पाहुणे माझ्याकडे बघतात. मी त्यांना बिस्किटं देतो. तिचा पलंग मी जिन्याकडच्या खिडकीपाशी हलवून देतो म्हटलं, तर देवाजवळून हलायचं नाही म्हणते. भिंतीला मात्र मी खिळासुद्धा ठोकू देत नाही. खिळ्याने काही होत नाही, असं भाचीचं दोनदा सांगून झालंय.